‘हो’ म्हटलं की काय होते

मले मशीनची भीती वाटते आणि मी मशीनच बनवते. हे मी ऑफिसात कोणाले सांगितलं नाही. सांगितलं तं सगळे हसतील आणि उद्यापासून मले टेबलावर बसवून नुसते तक्ते भरायले लावतील. पण खरं आहे. ते पातं फिरायले लागलं की माझ्या पायाचे अंगठे बुटाच्या आत आपोआप वळतात. आत्ता हे टाइप करताना पण वळून राहिले.

आमचं ऑफिस म्हणजे प्रताप नगरातल्या एका घराचा खालचा मजला. वर घरमालक राहतात, खाली आम्ही रोबोट बनवतो. पोर्चमध्ये जिथं त्यांची कार उभी राहायची तिथं आता पऱ्हाटीच्या कुंड्यांच्या ओळी आहेत. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. त्या ओळींमधून आमचा रोबोट जा-ये करते. उंची माझ्या गुडघ्याएवढी, चार चाकं, समोर दोन कॅमेरे आणि पोटाखाली फिरणारं पातं. तण दिसलं की पातं खाली येते, कापते, वर जाते. काम निंदणाचं. कोणतं तण आणि कोणती पऱ्हाटी हे त्याले फोटो दाखवून दाखवून शिकवायचं, हे माझं काम. आमचे सर, म्हणजे ज्यांनी कंपनी काढली ते, आणि माझ्यासोबतचा एक मुलगा, तो त्याचं बोलणं-ऐकणं बघतो, असे आम्ही मुख्य तिघं.

एकदा त्या मुलानं गंमत म्हणून पात्यासमोर लौकी, म्हणजे दुधी भोपळा, ठेवली. सगळ्यांनी व्हिडिओ काढले. मी आत जाऊन पाणी प्यायली आणि बाहेर आलीच नाही बराच वेळ.

तं असं असूनही, जेव्हा सरांनी विचारलं की खऱ्या वावरात कुठं चालवून बघता येईल, तेव्हा सगळ्यात आधी हात मीच वर केला. आमचं गाव उमरेडच्या पुढं आहे. एसटीनं उमरेड, तिथून ऑटो. मी म्हटलं, आमच्या मोठ्या आईचं वावर आहे, ती नाही म्हणणार नाही. मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. ती खरंच नाही म्हणाली नाही. फोनवर एवढंच म्हणाली की पोरी, तुझी मशीन आहे ना, मंग आन.

मोठ्या आईबद्दल दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. तिचा उजवा गुडघा गेलेला आहे. खाली बसली की पटकन उठता येत नाही, आधी हात टेकवते, मग ‘अगं माय’ म्हणते, मग उठते. आणि तिले शुगर आहे. मागं पायाले साधा काटा लागला होता, तं तो बरा व्हायले अख्खा पावसाळा गेला. डॉक्टरनं तेव्हा सांगितलं होतं की बाई, पायाले जपा, पुढच्या वेळी मी काही सांगू शकत नाही. हे मले माहीत होतं. म्हणून रोबोट गावात न्यायचं ठरलं त्या दिवसापासून माझ्या डोक्यात फक्त तिचे पाय. बाकी लोकांचे पण पाय होते, पण मले तिचेच दिसत होते.

सरांचं एक होतं, आणि ते चांगलंच होतं. ते म्हणायचे, शेतकऱ्यांना विचारून बनवायचं, बनवून दाखवायला न्यायचं नाही. म्हणून आम्ही आधी नुसतेच गेलो. बघितलं, विचारलं, बसलो. मी बसून निंदणाऱ्या बायांचे ढीगभर फोटो काढले, कारण तोपर्यंत आमच्या रोबोटले माणूस म्हणजे उभा माणूस एवढंच माहीत होतं. बसलेली बाई त्याले झुडूप वाटायची. मी ते दुरुस्त केलं आणि मले रात्री जरा झोप यायले लागली.

गावानं त्याचं नाव ठेवलं गोऱ्हा. गोऱ्हा म्हणजे अजून जुवाले न लावलेला तरणा बैल. नाव ठेवलं शेजारच्या काकूनं. ही काकू म्हणजे निंदणाच्या टोळीतली सगळ्यात तोंडाळ बाई, तिच्यासमोर सरपंच पण कमी बोलतो. ती म्हणाली, कामाचा तं आहे पण अक्कल यायची आहे, गोऱ्हाच आहे हा. सरांना इतकं आवडलं की त्यांनी ऑफिसात जाऊन स्टिकरच छापून लावलं. आम्ही सगळे खूश. गावानं आपल्या मशीनले आपलं नाव दिलं, अजून काय पाहिजे.

पहिल्या काही वेळा गोऱ्हा चालला तेव्हा वैताग झाला. तो सारखा थांबायचा. फांदी आडवी आली, थांब. पाण्याची कॅन दिसली, थांब. कोणाची सावली पडली, थांब. आणि थांबला की कोणीतरी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चिखल तुडवत जाऊन त्याचं बटन दाबायचं. मग पुढं जायचा. सभा झाली तेव्हा पुरुषमंडळींनी हेच सांगितलं. की हा थांबते तं थांबू द्या, पण यानं विचारावं, आम्ही इथूनच सांगू. आम्ही याच्या मागंमागं काहून फिरावं? सरांनी लिहून घेतलं. मले पण पटलं. चिखलात जायचं काम बहुतेक वेळा माझ्याच वाट्याले यायचं, खोटं काहून बोलू.

मग ठरलं की गोऱ्हा अडला की विचारेल, पुढे जाऊ का? आणि माणूस हो म्हणाला की जाईल. थांब म्हटलं की थांबेल. आता गावातल्या लोकांचे आवाज रेकॉर्ड करायचे होते, म्हणजे गोऱ्ह्याले गावाची भाषा कळेल. देवळाच्या मंडपात माइक लावला. एकेक जण यायचा, पागोटं नीट करायचा नाही तं पदर नीट करायचा, घसा साफ करायचा आणि बोलायचा. आणि यार, काय बोलले लोक! सगळे एकदम रेडिओवरच्यासारखे. जो माणूस जन्मात ‘थांब’ म्हणत नाही, ‘रुक ना बे’ म्हणतो, तो माइकसमोर ‘थांबावे’ म्हणून राहिला होता. तोंडाळ काकू तं म्हणाली, कृपया थांबावे, पुढे शेतकरी आहेत. मंडपातले सगळे हसून हसून लोळले. मोठी आई आली, हात जोडून उभी राहिली, आणि शाळेतल्या बाईंसारखं म्हणाली, “होय. पुढे जा. थांब.” मी हेडफोन लावून ऐकून राहिली होती. मी पण हसली. ऑफिसात मी पण तशीच बोलते ना, ‘मला’ आणि ‘का बरं’. बाहेरचं माणूस समोर असलं की आम्ही असेच बोलतो. शुद्ध.

हे सगळं घेऊन आम्ही गोऱ्ह्याले शिकवलं. तो शिकला. पोर्चमध्ये विचारायचा, आम्ही हो म्हणायचो, तो ‘ठीक आहे’ म्हणून जायचा. थांब म्हटलं की जागच्या जागी. बाईचा गोड आवाज लावला होता त्याले, त्या मुलाच्या बहिणीचा.

पावसाची मोठी झड लागून गेली, उघाड पडली, तण माजलं. आम्ही गोऱ्हा घेऊन गेलो.

ठरलं असं होतं की ओळींच्या मधलं गोऱ्हा काढेल आणि बुंध्याजवळचं बाया हातानं काढतील, कारण बुंध्याजवळ पातं नेलं तं पऱ्हाटीच कापली जाईल. म्हणजे बाया आणि गोऱ्हा एकाच ओळीत. बाया पुढं, तो मागं. मी सरांना म्हटलं की सर, मधे एक ओळ सोडू. ते म्हणाले, अगं तूच तर शिकवलंस त्याला बसलेली बाई ओळखायला. बरोबर होतं. मीच शिकवलं होतं.

मोठी आई सगळ्यात मागं होती, गुडघ्यामुळं हळू. मी धुऱ्यावर उभी, हातात टॅब्लेट. माझ्यासोबतचा मुलगा माझ्या बाजूले. गोऱ्हा तिच्या मागून येऊन राहिला होता. स्क्रीनवर तिच्याभोवती हिरवी चौकट आली, वर लिहून आलं ‘माणूस’. आणि तो थांबला. व्यवस्थित, तिच्यापासून हातभर अंतरावर. मी श्वास सोडला. खरंच मोठ्यानं सोडला, त्या मुलानं माझ्याकडं बघितलं.

मग त्यानं त्या गोड आवाजात विचारलं, “पुढे जाऊ का?”

तिले तो आलेला कळलाच नव्हता. त्याच्या मोटरचा आवाजच येत नाही. तिनं मान वळवली तं खांद्याशी हे. ती दचकली, एक हात मातीत टेकवला, दुसरा हात त्याच्यासमोर पंजा करून धरला आणि ओरडली, “हो! हो हो हो हो!”

तो म्हणाला, “ठीक आहे.”

आणि पुढं गेला.

मी काय केलं ते मले नीट आठवत नाही. टॅब्लेट टाकला असेल, कारण नंतर तो चिखलात सापडला. पळाली एवढं माहीत आहे. त्याचं लाल बटन मागच्या बाजूले होतं आणि मी समोरून पळत होती, म्हणजे त्याले वळसा घालून जायचं होतं. पळता पळता मी ‘थांब’ ओरडली की नुसतीच ओरडली? तो मुलगा म्हणतो मी ‘आई’ म्हणून ओरडली. आणि मोठी आई तिकडं अजून हो हो हो करून राहिली होती, आणि दर ‘हो’ले तो ऐकत होता. तिच्या लुगड्याचा काठ आधी आत गेला. पातं काठ गुंडाळत गेलं, ती मागं ओढली गेली, टाच त्याच्याखाली. मग कापड इतकं अडकलं की मोटर घरघरून बंद पडली. मी बटन दाबलं तेव्हा दाबायले काही उरलंच नव्हतं.

रक्त फार नव्हतं. मातीमुळं दिसत नव्हतं म्हणा. ती मले म्हणाली, “ओरडू नको वं, बाया भितीन.” तिचं तोंड मात्र पांढरं पडलं होतं आणि माझा दंड तिनं असा धरला होता की बोटं उमटली.

उमरेडच्या दवाखान्यात टाके घातले. आम्ही बाहेर बाकावर. सर त्यांच्या बुटावरचा वाळलेला चिखल नखानं काढत होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, शुगर, टाच, शुगर, टाच. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की जखम खोल नाही, पण यांची शुगर बघता आठवडे जातील, आणि रंग बदलला तर लगेच या. मी विचारलं, रंग बदलला म्हणजे? ते म्हणाले, बदलला तर कळेल तुम्हाला. हे असं काहून बोलतात डॉक्टर लोक?

आत गेलो. ती पाय वर करून झोपली होती. सरांनी खुर्ची ओढली आणि हळूच विचारलं की काकू, तुम्ही त्याला जा का म्हणालात?

“मी कुठं जा म्हटलं? मी हो म्हटलं ना त्याले.”

सर म्हणाले, तेच तर, हो म्हणजे जा.

मोठ्या आईनं माझ्याकडं बघितलं, की तुझा साहेब बरा आहे ना. मग समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, “साहेब, बैलाले थांबवाचं असलं तं काय म्हनते? हो हो हो. हो म्हटलं की बैल थांबते. तुमीच म्हटलं ना गोऱ्हा आहे म्हनून.”

मी लहानपणी बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसली आहे. उतारावर मोठे बाबा, म्हणजे मोठे काका, कासरा ओढून हो हो हो म्हणायचे आणि बैल पाय रोवायचे, हा आवाज माझ्या कानात आजही आहे. माइकसमोर मात्र एकानं पण तो काढला नव्हता. काढणार तरी काहून? तिथं बैल नव्हता, साहेब होते. आम्ही अख्ख्या गावाची शुद्ध भाषा गोळा करून आणली होती, आणि माणूस घाबरतो तेव्हा शुद्ध बोलत नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. रोज सकाळी मी फोन करायची आणि विचारायची, रंग कसा आहे. ती म्हणायची, पायाचाच रंग आहे. मी म्हणायची, व्हिडिओ कॉल कर. ती फोन उलटा धरायची आणि मले छप्पर दिसायचं. मग पाय दिसायचा, पट्टीच्या कडेले थोडी सूज, आणि मी झूम करून करून बघायची की हे काळं आहे की सावली आहे. मी दिवसभर रोबोटले फोटो ओळखायले शिकवते आणि मले एका टाचेचा फोटो ओळखता येत नव्हता. एकदा ती चिडली. म्हणाली, रोज रोज पाय पाहून राहिली, लग्न जुळवाचं आहे का पायाचं. मी हसली आणि फोन ठेवून रडली. ऑफिसात गोऱ्हा कोपऱ्यात ताडपत्रीखाली होता. मी त्याच्या बाजूनं जायचीच नाही, घरमालकांच्या गेटनं फिरून यायची.

पाय भरला. हळू भरला, पण भरला. ज्या दिवशी डॉक्टरनं पट्टी काढायले सांगितलं त्या दिवशी मी गांधीबागेच्या बाजारात जाऊन तिच्यासाठी लुगडं आणलं, फाटलेल्याच्या बदल्यात. ती म्हणाली रंग भडक आहे. नेसली मात्र लगेच.

मग सर म्हणाले, गावात जाऊ, विचारू. बंद करा म्हणाले तर बंद करू. मले वाटत होतं की म्हणावं, बंद करा. मनापासून वाटत होतं.

यावेळी मंडप नाही, माइक नाही. मोठ्या आईच्या अंगणात खाटेवर ती, खाली बाया, कडेले पुरुष. माझ्यासोबतच्या मुलानं उपाय काढून आणला होता. म्हणाला, लांब हो म्हणजे थांब, आखूड हो म्हणजे जा, मशीनला फरक शिकवता येईल. तोंडाळ काकूनं त्याले विचारलं की बाबू, तुझ्या अंगावर साप पडला तं तू लांब ओरडशीन का आखूड, आधी ठरवून ठेवलं आहे का? तो बसला खाली.

एक जण म्हणाला ‘हो’ काढूनच टाका, दुसरा म्हणाला सगळेच शब्द काढून टाका, तिसरा म्हणाला मशीनच काढून टाका. गोंधळ. मोठी आई बराच वेळ लुगड्याच्या पदराशी खेळत होती. मग म्हणाली, “तो थांबला होता ना वं?”

मी म्हटलं, थांबला होता.

“मी दिसली त्याले, थांबला. तिथं बरोबर होतं. मंग इचारलं काहून त्यानं? माणूस दिसलं तं थांबाचं आन् चूप राहाचं. इचाराचंच नाई. मी उठीन माझ्या हिशोबानं, बाजूले होईन, मंग कोनी येईन आन् बटन दाबन.”

पुरुषांपैकी एक म्हणाला, म्हणजे पुन्हा आम्हीच चिखलातून जायचं, त्याच्यासाठीच तं ते विचारणं लावलं होतं.

मोठी आई त्याले शांतपणे म्हणाली, “तुमचे पाय शाबूत आहेत ना गा? मंग चाला.”

सरांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. फांदी असो, कॅन असो, विचारा. माणूस असेल तर विचारू नका. थांबा. हात लागल्याशिवाय हलू नका.

आम्ही ते बनवलं. पोर्चमध्ये मी स्वतः बसून बघितलं, पण पातं काढून. पातं काढल्यावर कोणीही शूर होते.

पुन्हा वावरात गेलो तेव्हा बाया ओळीत उतरायले तयार नव्हत्या. बरोबरच होतं. आधी कोणीतरी बसून दाखवा, म्हणाल्या. सगळ्यांनी मोठ्या आईकडं बघितलं. ती धुऱ्यावर नव्या लुगड्यात बसली होती, पाय पसरून, टाच वर. मी तिच्याकडं बघितलंच नाही. मले वाटलं, तिनं हो म्हटलं तं मी इथंच ओकीन.

ती म्हणाली, “मी नाई बसत. मले भेव वाटते. तू बनवलं, तू बस.”

मले पण भेव वाटते, हे मी तिथं पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. सर, तो मुलगा, सगळ्या बाया, सगळ्यांसमोर. कोणी हसलं नाही. काकू म्हणाली, तं मंग चांगलंच आहे, जिले भेव वाटते तिनंच बसावं.

मी बूट काढले, काहून काढले माहीत नाही. ओळीत उतरली आणि बसली, पाठ करून, जशी बाई बसते तशी. चिखल थंड होता. पऱ्हाटी माझ्या डोक्याच्या वर, म्हणजे धुऱ्यावरचं कोणी दिसत नव्हतं, फक्त पानं आणि मुंग्या. मागून चाकांचा चिखलात चिकटून सुटायचा बारीक आवाज येऊन राहिला होता. मोटरचा आवाज त्याले तेव्हा पण नव्हता, तो मुद्दाम लावायले मी आता सांगितलं आहे. पातं खाली येते तेव्हा एक क्लिक होते. ते क्लिक झालं. अंगठे मातीत रुतले. मी मनात म्हणत होती की माझे फोटो त्याले आठवू दे, मी त्याले दाखवलेल्या त्या सगळ्या बसलेल्या बाया त्याले आठवू दे.

चाकांचा आवाज थांबला.

तो काही बोलला नाही. मी मान वळवली. तो होता तिथं, हातभर मागं, दोन्ही कॅमेरे माझ्याकडं, पातं वर. चूप. मी त्याच्याकडं बघत राहिली आणि तो माझ्याकडं. मले उठता येईना. गुडघा चांगला आहे माझा, तरी उठता येईना. मी उठली आणि तो हलला तं? कोणी हात लावल्याशिवाय हलणार नाही हे मीच लिहिलेलं होतं, तरी.

बाजूच्या ओळीत पानं हलली. तोंडाळ काकू खुरपं घेऊन उतरली होती. मग तिच्या मागं दुसरी. बाया दोन्हीकडून माझ्या पुढं निघून जायले लागल्या, जशा रोज जातात, गप्पा मारत. काकू माझ्याजवळ क्षणभर थांबली, माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं.

“बसलीच आहे तं तो केना तरी उपट,” ती म्हणाली. “माजला किती.”

मी केना उपटला. मग बाजूचा.